जिन्याचा नियम जिन्यावरच शिकवावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत प्राथमिक वर्गांतील मुलांच्या सुरक्षित वागण्याविषयीची पत्रे बरीच आहेत. कोल्हापूर शहर आणि करवीर व शिरोळ तालुक्यांतून आलेल्या त्या पत्रांपैकी पाचांची उत्तरे या अंकात देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची, मुलांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. वर्गाचा पट 34 आहे. वर्गाच्या भिंतीवर आम्ही 17 नियम रंगवून घेतले आहेत आणि रोज परिपाठानंतर मुले ते मोठ्याने म्हणतात. ‘जिन्यावरून पळू नये’ हा नियम तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरीही मधल्या सुट्टीची घंटा झाली की हीच मुले एकमेकांना रेटत खाली येतात. गेल्या आठवड्यात एका मुलीचा ओठ कठड्यावर आपटून फाटला. नियम समजावून सांगण्यात मी कुठे कमी पडते आहे? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, समजावून सांगण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. नियम काय आहे हे तुमच्या वर्गातील प्रत्येक मुलाला माहीत आहे. घंटा झालेली आहे, पोटात भूक आहे, मागून वरच्या वर्गाची मुले येत आहेत, अशा क्षणी आपले हात आणि पाय नेमके कुठे ठेवायचे, हे मात्र त्यांना कोणी करून दाखवलेले नाही आणि त्यांच्याकडून करूनही घेतलेले नाही. पाढे पाठ करून घेताना आपण जेवढी उजळणी घेतो, तिच्या निम्मी उजळणीसुद्धा आपण चालण्याच्या, थांबण्याच्या आणि रांगेत उभे राहण्याच्या वाट्याला देत नाही. ते मुलांना आपोआप यायला हवे असे आपण धरून चालतो. मुलांना सुरक्षिततेची कौशल्ये कशी शिकवावीत यावर जे संशोधन झाले आहे, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे : विचारल्यावर नियम अचूक सांगणारे मूल प्रत्यक्ष प्रसंगात तो पाळेलच असे नाही. म्हणून सांगणे, करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच कसे झाले ते सांगणे, अशा चार पायऱ्यांनी हे शिकवावे लागते. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर काम थांबते.

प्रथम त्या 17 नियमांविषयी. आठ वर्षांच्या मुलाला 17 नियम पाठ होतात, पण ऐन वेळी आठवत नाहीत. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातील अभ्यासकांनी 1990 च्या दशकात शाळांसाठी वर्तनशिक्षणाची जी पद्धत विकसित केली, तिच्यात संपूर्ण शाळेसाठी तीन ते पाचच अपेक्षा ठेवतात, त्या ‘काय करायचे’ अशा शब्दांत मांडतात आणि मग शाळेतील प्रत्येक जागेसाठी त्या अपेक्षेचा नेमका अर्थ ठरवून तो त्या जागेवर शिकवतात. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे माझे म्हणणे नाही, परंतु तिच्यातील हा भाग आपल्या शाळांना पूर्णपणे लागू पडतो. तुमच्या शाळेसाठी ‘सुरक्षित राहू’, ‘एकमेकांना जपू’ आणि ‘आपले काम आपण करू’ एवढ्या तीन अपेक्षा पुरेशा आहेत. पैकी ‘सुरक्षित राहू’ म्हणजे जिन्यावर डाव्या बाजूने चालणे, हात कठड्यावर ठेवणे आणि पुढचे मूल पायरी सोडेपर्यंत आपण त्या पायरीवर पाय न ठेवणे. नळावर आखलेल्या रेघेमागे उभे राहणे. आणि खिचडीच्या पातेल्यापाशी ताट दोन्ही हातांनी पुढे धरून आपली पाळी येईपर्यंत थांबणे. ‘पळू नये’ या शब्दांतून मुलाला काय टाळायचे तेवढे कळते; त्याऐवजी काय करायचे ते त्याने स्वतः शोधून काढायचे असते, आणि घाईत ते शोधले जात नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. वर्ग सुरू असताना, जिना मोकळा असताना, मुलांना जिन्यापाशी न्यावे आणि आधी तुम्ही स्वतः उतरून दाखवावे. हात कठड्यावर कसा सरकतो, पाऊल पायरीच्या आतल्या अंगाला कसे पडते, कोणी मध्येच थांबले तर आपण काय करतो, हे चालता चालता मोठ्याने बोलत जावे. चुकीचे कसे दिसते हेही दाखवावे, मात्र ते तुम्हीच दाखवावे. मुलांना चुकीची कृती करायला लावू नये, कारण तीच मजेची ठरते आणि लक्षात राहते. त्यानंतर पाच-पाच मुलांना उतरवावे, मग अर्धा वर्ग, मग पूर्ण वर्ग, आणि शेवटी घंटा वाजवून पूर्ण वर्ग. घंटेचा भाग गाळू नये, कारण रेटारेटी घंटेबरोबर सुरू होते. उतरून झाल्यावर नुसते ‘शाब्बास’ म्हणण्याऐवजी काय बरोबर झाले ते नेमके सांगावे : ‘पुढची मुलगी चप्पल सावरायला थांबली तेव्हा तू तिच्या मागे थांबलास, तिला हात लावला नाहीस.’ असे ऐकलेले मूल दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा करते, आणि ऐकणारी बाकीची मुलेही करू लागतात. एका दुरुस्तीमागे अशा चार-पाच नोंदी याव्यात, असे वर सांगितलेल्या पद्धतीत मानतात. माझ्या अनुभवाने हे प्रमाण सुरुवातीला जड वाटते, पण दोन-तीन आठवड्यांत ते अंगवळणी पडते. जिन्यावर फरक दिसू लागला म्हणजे शिकवणे संपले असे समजू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि पाऊस लागून पायऱ्या ओल्या झाल्या की हा पाठ पुन्हा घ्यावा लागतो.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा वाचले : मुले खाली रेटत येतात ती मधल्या सुट्टीत. वर्गांतून सगळी मुले एकाच घंटेला सुटत असतील, खाली जाण्यासाठी एकच जिना असेल आणि खाली पोषण आहाराच्या रांगेत पुढे असणाऱ्याला आधी वाढले जात असेल, तर तिथे मुलांना शिकवून जेवढा फरक पडेल त्याहून अधिक फरक मोठ्यांनी व्यवस्था बदलल्याने पडेल. वर्ग दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावेत, कोणता वर्ग आधी हे दर आठवड्याला बदलावे आणि जिन्याच्या वळणावर एक शिक्षक उभे राहावेत. खिचडी सगळ्यांना पुरते आणि शेवटच्यालाही गरम मिळते, हे मुलांना रोजच्या अनुभवाने पटले की त्यांची घाई निम्म्याने कमी होते. पातेले जिथे उतरवले जाते तिथे चुन्याने गोल आखून त्याच्या आत फक्त वाढणाऱ्या ताईच उभ्या राहतील असे ठरवावे. गरम खिचडीने भाजण्याचा धोका मला जिन्यावरून पडण्याच्या धोक्याइतकाच मोठा वाटतो, आणि त्याच्याविषयी शाळांमध्ये फारच कमी बोलले जाते.

आणखी एक गोष्ट. फोनवर बोलत, एका हातात हजेरीपत्रके घेऊन, कठड्याला हात न लावता भराभर उतरणारे शिक्षक मुले रोज पाहतात. तुमच्या शाळेतील सर्वांनी, मुख्याध्यापकांसह, जिन्याचा हा नियम स्वतः पाळायचे ठरवले तर तुमचा अर्धा पाठ तिथेच होईल.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत राहतो. मुलगा दुसरीत आहे आणि संध्याकाळी त्याच्या मामाबरोबर तालमीत जातो. शाळेत मधल्या सुट्टीत तो मुलांवर डाव टाकतो. मागच्या महिन्यात फरशीवर त्याने एका मुलाला टांग मारली आणि त्या मुलाच्या कोपराला मार लागला. वर्गशिक्षिकेने त्याला तासभर अंगठे धरून उभे केले आणि सगळ्यांसमोर ‘गुंड’ म्हटले. तेव्हापासून तो शाळेत जायला रडतो. त्याची तालीम बंद करावी का? आणि शाळेशी बोलावे तर काय बोलावे? – एक आई

उत्तर : तालीम बंद करू नका. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधून घेतले आणि जिथे पेठेपेठेत आजही तालमी आहेत, तिथे सात वर्षांच्या मुलाला डाव टाकावासा वाटणे यात वावगे काही नाही. त्याला अजून कळलेले नाही ते इतकेच, की डाव कुठे टाकायचा आणि कोणावर. हे शिकवायला तालमीइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण तालमीचा सगळा शिरस्ताच सुरक्षिततेवर उभा आहे. हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळण्याच्या खड्ड्यातली, माती रोज उकरून भुसभुशीत केली जाते, तिच्यात ताक, तेल, हळद घातली जाते, ती पडणाऱ्याला लागू नये आणि जखम चिघळू नये म्हणूनच. समोरचा गडी तयार असल्याशिवाय, वस्ताद समोर असल्याशिवाय आणि माती पायाखाली असल्याशिवाय डाव होत नाही. तुम्ही किंवा मुलाच्या मामांनी वस्तादांना भेटून घडलेला प्रकार सांगावा आणि ‘हौद्याबाहेर डाव नाही’ हे त्यांनीच मुलाला मातीत उभे करून सांगावे अशी विनंती करावी. घरातल्या दहा जणांनी सांगितलेले जिथे उतरत नाही, तिथे वस्तादांचा एक शब्द उतरतो.

शाळेतही या मुलांच्या अंगातल्या रगेला वाट द्यावी लागते. मधल्या सुट्टीत लंगडी, खो-खो, रस्सीखेच असे नियम असलेले खेळ मातीच्या भागात लावून दिले, तर फरशीवरची झोंबाझोंबी कमी होते. त्याबरोबर एक गोष्ट सर्व मुलांना शिकवावी : खेळात कोणीही ‘थांब’ म्हटले की हात लगेच सोडायचा, मग तो गमतीत म्हणाला की खरोखर, हे विचारायचे नाही. जोडीजोडीने हाताला हात धरून, ‘थांब’ म्हणून आणि सोडून, याचा सराव घेता येतो. लहान मुलांना तो खेळ म्हणून आवडतो, आणि भांडणाच्या वेळी तोच हाताशी येतो.

आता शिक्षेविषयी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या 2009 च्या कायद्यातील कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. अंगठे धरून तासभर उभे करणे ही शारीरिक शिक्षा होय, आणि वर्गासमोर ‘गुंड’ म्हणणे ही मुलाच्या मनावर केलेली इजा होय. त्या शिक्षिकेचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. एका मुलाला लागले होते आणि त्यांना तिथल्या तिथे काही तरी करणे भाग होते. परंतु त्या तासाभरात तुमच्या मुलाला कोपर दुखावलेल्या मित्राविषयी काही शिकायला मिळाले नाही, आणि टांग मारण्याऐवजी काय करायचे हेही कळले नाही. वर्गशिक्षिकेशी आधी एकट्याने, शांतपणे बोला. ‘माझा मुलगा चुकला, त्याच्याकडून काय करून घ्यायचे ते आपण दोघी मिळून ठरवू’ अशी सुरुवात केली तर त्या ऐकून घेतील. मग शिक्षेऐवजी त्याने काय करावे ते सुचवा : त्या मित्राची विचारपूस करावी, त्याचा हात बरा होईपर्यंत त्याचे दप्तर जागेवर नेऊन द्यावे, आणि मधल्या सुट्टीतली पहिली पाच मिनिटे शिक्षिकेसमोर मातीच्या भागात नीट खेळून दाखवून मग मोकळे व्हावे. माफीचे शब्द त्याच्या तोंडून जबरदस्तीने काढून घेऊ नयेत; दप्तर उचलता उचलता ते त्याचे तोच म्हणेल. शिक्षेचा प्रकार पुन्हा घडला, तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा.

मुलगा रडतो आहे तोवर त्याला शाळेत सोडताना ‘आज कोणाला मारू नकोस’ असे बजावू नका. ‘आज काय खेळणार आहेस?’ असे विचारा.

प्रश्न : माझी नात पहिलीत आहे आणि तिला शाळेत सोडण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आहे. आमच्या गावात शाळेचे फाटक थेट मोठ्या रस्त्यावर उघडते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत दिवसभर जातात आणि शाळेसमोरच्या गतिरोधकावर मंदावतात. तेव्हा चौथीची पोरे मागे धावून ट्रॉलीतला ऊस ओढतात. शिवाय सुटण्याच्या वेळी पालकांच्या दुचाक्या आणि रिक्षा फाटकालाच भिडलेल्या असतात. लहान मुलांना यातून कसे शिकवायचे? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, नातीच्या वयाचे मूल आणि चौथीतील मूल यांना वेगवेगळ्या गोष्टी शिकवाव्या लागतील.

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर नीट जोखता येत नाही. त्यात पहिलीतील मुलाची उंची उभ्या केलेल्या दुचाकीपेक्षा फारशी जास्त नसते, त्यामुळे तिला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला ती दिसत नाही. म्हणून ‘दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांड’ हे तिच्या वयाला पेलणारे काम नाही, मग ती ते वाक्य कितीही छान म्हणत असो. तिला एकच गोष्ट पक्की शिकवा : फाटकाबाहेरची ठरलेली जागा आली की थांबायचे आणि मोठ्या माणसाचा हात हातात आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही. ही जागा चुन्याच्या रेघेने आखून घ्या आणि रोज तिथे स्वतः थांबा. ओळखीचे माणूस पलीकडून हाक मारत असले तरी तिथेच थांबायचे, याचाही सराव घ्या, आणि आईवडिलांना सांगा की रस्त्यापलीकडून तिला हाक मारू नये. सुटण्याच्या वेळी मुले रस्त्यावर अचानक धावतात ती बहुधा अशा हाकेवरच.

चौथीच्या मुलांनी ऊस ओढणे हा प्रकार मला तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर वाटतो. ओढलेल्या मोळीबरोबर मूल तोल जाऊन मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ शकते, आणि भरलेल्या ट्रॉलीमुळे चालकाला मागचे काही दिसत नाही. हे मुलांना रागावून पटत नाही, पाहून पटते. गावातील एखाद्या पालकाचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह शाळेच्या मैदानात उभा करून घ्यावा, इंजिन बंद आणि किल्ली शिक्षकांच्या हातात असावी, आणि एकेका मुलाला चालकाच्या जागी बसवून विचारावे : ‘मागच्या ट्रॉलीजवळ तुझे किती मित्र उभे आहेत?’ त्याला एकही दिसणार नाही. त्यानंतर दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे गेल्यावर पुन्हा एकदा बघूनच रस्ता ओलांडायचा, कारण पहिल्या ट्रॉलीमागे दुसरी असते हे घाईत विसरले जाते, हेही तिथेच उभे राहून सांगावे. मुलांना ऊस हवासा वाटणे स्वाभाविक आहे. हंगामात एका शनिवारी गावातील शेतकऱ्यांनी शाळेत उसाची मोळी आणून द्यावी आणि सगळ्यांनी मिळून खावा. ऊस मिळतो हे मुलांना ठाऊक असले की ट्रॉलीमागे धावण्याचा मोह बराच ओसरतो.

फाटकाशी होणाऱ्या गर्दीचे काम मात्र मोठ्यांचे आहे आणि ते मुलांवर ढकलू नये. दुचाक्या आणि रिक्षा फाटकापासून पन्नास पावले दूर उभ्या राहतील, असे पालकसभेत ठरवून घ्यावे. दुचाकीवरून येणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला हेल्मेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे, याची आठवणही त्याच सभेत द्यावी.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. आमचे गाव 2019 आणि 2021 च्या पुरात होते. शाळेत वर्षातून एकदा आपत्तीचा सराव होतो, म्हणजे घंटा वाजते, मुले आरडाओरडा करत मैदानात धावतात आणि फोटो काढले जातात. याचा खरोखर काही उपयोग होतो का? – एक सदस्य

उत्तर : जसा सराव, तशी सवय. आरडाओरडा करत धावण्याचा सराव घेतला तर आपत्तीच्या वेळी मुले तेच करतील, आणि जिन्यावर किंवा दारात चेंगरतील. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी निर्देश दिले आहेत. ते निर्देश कागदावर न राहता वर्गात उतरावेत, हे पाहणे तुमच्यासारख्या सदस्यांच्या हातात आहे.

तीन संकटांत तीन वेगळ्या गोष्टी करायच्या असतात, हे मुलांना आधी स्पष्ट कळले पाहिजे. आग लागली तर दप्तर तिथेच ठेवून, रांगेने, न बोलता, चालत बाहेर पडायचे, आणि धूर असेल तर खाली वाकून जायचे. भूकंपात याच्या उलट, हादरे थांबेपर्यंत धावत बाहेर न जाता बाकाखाली शिरायचे, डोके झाकायचे आणि बाकाचा पाय घट्ट धरून ठेवायचा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या भागातील जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे, आणि कोयनेचे लहान धक्के आपल्याकडे अधूनमधून जाणवतात, तेव्हा हा सराव पुस्तकी समजू नये. दोन्हींसाठी घंटेची खूण वेगवेगळी ठेवावी, एक सलग आणि एक तुटक, नाहीतर मुले एकाच घंटेला दोन उलट गोष्टी करतील. बाहेर आल्यावर हजेरीपत्रक घेऊन प्रत्येक नाव पुकारावे. सरावाच्या वेळी शौचालयात गेलेले मूल, पायाला अपंगत्व असलेले मूल, ऐकू कमी येणारे मूल यांना कोण घेऊन येणार, हे आधी नावानिशी ठरलेले असावे. सराव वर्षातून एकदा पुरत नाही. दर सत्रात किमान दोनदा घ्यावा आणि त्यातला एक न सांगता, मधल्या सुट्टीत.

पुराचे वेगळे आहे. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात, त्यामुळे तुमच्या भागात पाणी चढते तेही हळूहळू आणि ओसरते तेही हळूहळू. तिथे पळण्याची घाई नसते, पाण्याजवळ जाण्याचा मोह असतो. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. रोजची पातळी वर्गातील फळ्यावर मुलांनीच लिहावी, म्हणजे गणितही होते आणि पाण्याचे भानही येते. तुमच्याकडची मुले कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे वरून वाट असलेल्या आणि पुरात पाण्याखाली जाणाऱ्या, बंधाऱ्यावरून शाळेत ये-जा करत असतील, तर बंधाऱ्यावर घोटाभर पाणी दिसले तरी त्या वाटेने यायचे नाही, त्या दिवशीची गैरहजेरी लागणार नाही, असे मुख्याध्यापकांनी मुलांना आणि पालकांना जूनमध्येच सांगावे. गैरहजेरीच्या भीतीने मूल पाण्यात पाऊल टाकते, हे आपल्या ध्यानात येत नाही. पूर ओसरल्यावर चिखलात अनवाणी न फिरणे, विजेच्या खांबांपासून लांब राहणे आणि साप दिसला तर मागे सरून मोठ्यांना हाक मारणे, एवढे तीन मुद्दे शाळा पुन्हा भरण्याच्या पहिल्या दिवशी घ्यावेत.

व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात अशी कायद्यात तरतूद आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. सरावाचे वेळापत्रक त्या आराखड्यात लिहून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. ‘मोठ्यांचे ऐकावे’ हे आम्ही तिला लहानपणापासून शिकवले आणि ती ऐकते. पण बातम्या वाचल्या की वाटते, कोणी मोठ्यानेच तिला वाईट वागवले तर ती गप्प बसेल. तिला न घाबरवता हे कसे सांगावे? – एक आई

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. सुरक्षित वर्तन शिकवताना आपण फक्त आज्ञापालनच शिकवले, तर मूल अशा प्रसंगी सर्वांत असुरक्षित होते. तिला सांगा की मोठ्यांचे ऐकायचे, पण तिच्या शरीराविषयी तिला नको वाटेल असे कोणी वागले, किंवा ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे म्हटले, तर त्या माणसाचे ऐकायचे नाही, मग तो नात्यातला असो, शाळेतला असो की रोज सोडणारा रिक्षावाला. ‘नको’ मोठ्याने म्हणायचे, तिथून निघायचे आणि सांगायचे. सांगायचे कोणाला, अशी पाच माणसे तिने स्वतः निवडावीत, त्यांत किमान एक शाळेतले असावे, आणि पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगायचे हेही ठरलेले असावे. वाढदिवसाच्या भेटीचे गुपित थोड्या दिवसांत उघडे होते, म्हणून ते ठेवायला हरकत नाही. जे गुपित कधीच सांगायचे नाही असे कोणी म्हणते, ते लगेच सांगायचे, हा फरक चौथीच्या मुलीला चांगला समजतो. हे एका बैठकीत उरकू नका. आंघोळीच्या, वेणी घालण्याच्या वेळी थोडे थोडे बोला, शरीराच्या अवयवांची नावे न लाजता सांगा, आणि पाहुण्यांच्या मांडीवर बसायला किंवा पापा द्यायला ती नको म्हणाली तर तिची बाजू घ्या. घरात तिच्या ‘नको’ला किंमत मिळाली तरच बाहेर तो शब्द तिच्या तोंडून निघेल.

मुलीने कधी काही सांगितलेच, तर शांतपणे ऐकून घ्या, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणा आणि पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शाळेलाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक 1098 आहे, आणि तो तिला पाठ असू द्या.

शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असणे अपेक्षित आहे. पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारा : समितीत कोण कोण आहेत, पेटी चौथीतल्या मुलीचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर आणि मुख्याध्यापकांच्या खोलीपासून दूर आहे का, आणि ती किती दिवसांनी व कोणासमोर उघडली जाते.